भोकाभोवतीच्या त्या बारीक रेषा: अ‍ॅक्रिलिकमध्ये टॅप मारण्याबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात घरी अ‍ॅक्रिलिकची नेमप्लेट कशी करायची ते लिहिलं होतं. त्यात टॅपने, म्हणजे भोकाच्या आत आटे कापणाऱ्या हत्याराने, आटे पाडायचा भाग दोन ओळीत संपवला होता, आणि नेमकी त्यावरच सगळ्यात जास्त पत्रं आली. डिचोली, साखळी, पेडणे, फोंडा, सगळीकडून. म्हणून यावेळचं सदर पूर्ण याच विषयाला दिलंय. काही प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत.

प्रश्न: दादा नमस्कार. मी डिचोलीला असते, घरूनच नेमप्लेटच्या ऑर्डरी घेते. ६ मिमीच्या क्लिअर शीटमध्ये एम ४ चा (४ मिमी स्क्रूचा) टॅप मारला, स्क्रू मस्त बसला, तडा वगैरे काही नव्हता. देताना बोटांचे डाग दिसत होते म्हणून स्पिरिटने पुसून दिलं. आठ दिवसांनी गिऱ्हाइकाचा फोन, म्हणे स्क्रूच्या भोवती केसासारख्या रेषा आल्यात, उजेडात धरलं की चमकतात. मी शीट घेतली तो दुकानदार म्हणतो शीट एकदम ओरिजिनल आहे. मग चुकलं काय?

उत्तर: ताई, दुकानदार खरं बोलतोय. त्या रेषांना क्रेझिंग म्हणतात आणि त्याची सुरुवात आठव्या दिवशी नाही झाली, तुम्ही ड्रिल मारलं त्याच दिवशी झाली, स्पिरिटने फक्त ती बाहेर दाखवली.

हे नीट समजून घ्या कारण पुढची सगळी उत्तरं याच्यावरच उभी आहेत. लोखंड किंवा अ‍ॅल्युमिनियमला भोक मारताना जी उष्णता होते ती धातू लगेच सगळीकडे वाहून नेतो, अ‍ॅक्रिलिक तसं करत नाही, ते उष्णतेचं फार वाईट वाहक आहे, त्यामुळे सगळी उष्णता भोकाच्या भिंतीतच साठते. अ‍ॅक्रिलिक साधारण १०५ डिग्रीच्या आसपास मऊ पडतं आणि ड्रिलच्या टोकाशी तेवढं तापमान व्हायला वेळ लागत नाही. भिंतीचा पातळ थर तापून मऊ होतो, फुगायला बघतो, बाजूचं थंड अ‍ॅक्रिलिक त्याला फुगू देत नाही, मग थंड होताना तोच थर आक्रसतो आणि ताणलेल्या अवस्थेत तसाच गोठतो. डोळ्याला काही दिसत नाही, भोक स्वच्छ दिसतं, पण आत ताण बसलेला असतो. त्याच्यावर टॅपचे धारदार खाचे आले, त्याच्यावर कसलेला स्क्रू आला. आणि मग अल्कोहोल. स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल, काच पुसायचे काही स्प्रे, हे सगळं ताणलेल्या अ‍ॅक्रिलिकच्या आत शिरतं आणि ताण असेल तिथे उकलतं. ताण नसलेल्या भागावर तेच स्पिरिट पुसलं तर बहुतेक वेळा काही होत नाही, म्हणून लोकांचा विश्वास बसत नाही.

२०२० मध्ये दुकानांच्या काउंटरवर अ‍ॅक्रिलिकचे पडदे लागले होते आठवतंय? मी स्वतः बरेच बसवले तेव्हा. रोज दोन-तीनदा सॅनिटायझर मारून पुसायचे आणि थोड्याच दिवसांत स्क्रूच्या भोवती नेमक्या ह्याच रेषा, बाकी शीट काचेसारखी स्वच्छ. तेव्हापासून माझ्या वर्कशॉपमधून जे काही बाहेर जातं त्याच्याबरोबर एक चिठ्ठी जाते: पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ सुती कापड, दुसरं काही नको. तुम्हीपण तशी चिठ्ठी द्या.

तुमच्या कामात आणखी एक गोष्ट बदलायला सांगेन. ६ मिमीच्या शीटला एम ४ जरा मोठा होतो. प्लॅस्टिकमध्ये आटे खोलवर धरायला पाहिजेत, स्क्रूच्या व्यासाच्या निदान दुप्पट, म्हणजे एम ४ ला ८ मिमी जाडी हवी. ६ मिमीत एम ३ घ्या, नेमप्लेटचं वजन असून असून किती असणार. आणि भोकाचं केंद्र काठापासून भोकाच्या व्यासाच्या दुपटीपेक्षा जवळ आणू नका, डिझाइन कितीही छान दिसत असलं तरी.

ज्यांच्याकडे तापमान खरंच नीट धरणारं ओव्हन आहे त्यांनी टॅप मारून झाल्यावर शीटवरचा कागद काढून तुकडा ८० डिग्रीला काही तास ठेवायचा आणि ओव्हनमध्येच हळूहळू थंड होऊ द्यायचा, आतला ताण बराच निघून जातो. घरच्या केकच्या ओव्हनमध्ये हे करू नका, त्याचा काटा ८० दाखवतो आणि आत ११० असू शकतं, प्लेटची पापडी होईल.

प्रश्न: सर, मी फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आहे, प्रोजेक्टसाठी सर्किटचा बॉक्स करतोय १० मिमी अ‍ॅक्रिलिकमध्ये. कुठल्या टॅपला कुठलं ड्रिल त्या चार्टमध्ये एम ३ साठी २.५ मिमी ड्रिल दिलंय तेच घेतलं. तीन भोकं झाली, चौथ्याला टॅप अडकला, जोर लावला तर टॅपच तुटला. टॅपच्या खाचांत चिकट च्युइंगगमसारखं काहीतरी भरलं होतं. तेल घालायचं का? कुठलं?

उत्तर: ते च्युइंगगम म्हणजे वितळलेलं अ‍ॅक्रिलिकच. आणि चार्ट चुकीचा नाही, तो धातूसाठी आहे एवढंच. आट्याची पूर्ण उंची शंभर धरली तर धातूच्या चार्टमधल्या ड्रिलने साधारण ७५ टक्के आटा पडतो. अ‍ॅक्रिलिकला तेवढा नको, ६० ते ६५ टक्के भरपूर झाला, कारण आटा जितका खोल तितकं जास्त कापायचं, तितकी उष्णता जास्त आणि खाचेचं टोकही तितकं आत जाणार. म्हणून एम ३ ला २.५ ऐवजी २.६, एम ४ ला ३.३ ऐवजी ३.४, एम ५ ला ४.२ ऐवजी ४.३ नाहीतर ४.४, आणि एम ६ ला ५ ऐवजी ५.२. ऐकायला हा दशांश मिलिमीटरचा फरक काहीच वाटत नाही पण हाताला लगेच कळतो, टॅप फिरतो कसा ते बघा. हे बिट हार्डवेअरच्या दुकानात नसले तर टूल्सच्या दुकानात मिळतात, ०.१ च्या पायरीने.

तेल नको. कुठल्या तेलात काय मिसळलंय आपल्याला माहीत नसतं आणि काही कटिंग ऑइल अ‍ॅक्रिलिकला लागतात, त्याच रेषा येतात. वाटीभर पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब घ्या, तेच ड्रिलला आणि तेच टॅपला. टॅप त्यात बुडवायचा, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, मागे घेताना कीस तुटल्याचा टक असा हाताला जाणवतो, तो जाणवल्याशिवाय पुढे जायचं नाही. दोन-तीन फेरे झाले की टॅप पूर्ण बाहेर काढा, जुन्या टूथब्रशने खाचा साफ करा, परत बुडवा, परत आत. १० मिमीला असं तीन-चारदा काढावं लागेल. कंटाळवाणं आहे, पण चौथ्या भोकात तुमचा टॅप इथेच तुटला, कारण पहिल्या तीन भोकांचा कीस तसाच खाचांत होता.

टॅपच्या तीनच्या सेटमधला पहिला, जो टोकाला लांब निमुळता असतो, त्याने सुरुवात करा. भोक आरपार असेल तर तो पूर्ण खाली उतरवला की झालं, बाकीच्यांची बहुतेक गरज पडत नाही, पण काही सेटमध्ये पहिला टॅप पूर्ण मापाचा नसतो, तो व्यासाने थोडा कमी असतो, तिथे शेवटचा टॅप पण फिरवावा लागतो, स्क्रू घालून बघा म्हणजे कळेल. बंद भोक असेल तर ड्रिल आट्यांच्या गरजेपेक्षा तीन-चार मिमी जास्त खोल घ्या, म्हणजे कीस पडायला जागा राहते, आणि टॅप बुडाला टेकतोय असं वाटलं की थांबा. लोखंडात टेकलेला टॅप नुसता अडतो, अ‍ॅक्रिलिकमध्ये तो बुडापासून तडा घेऊन वर येतो. आणि एक, जो टॅप वर्षभर लोखंडात चाललाय तो अ‍ॅक्रिलिकला लावू नका, त्याची धार गेलेली असते, तो कापत नाही, रगडतो. अ‍ॅक्रिलिकचा सेट वेगळा ठेवायचा, त्याला धातू दाखवायचाच नाही.

आता ड्रिलबद्दल, कारण तुम्ही विचारलं नाही तरी निम्मी गोष्ट तिथेच आहे. लोखंडासाठीचा साधा बिट अ‍ॅक्रिलिकमध्ये स्वतःच आत ओढला जातो, आणि खालच्या बाजूने बाहेर पडताना तर हमखास हिसका देतो आणि तिथे शिंपल्यासारखा टवका उडतो. यावर जुना उपाय आहे, ऑइल स्टोन घेऊन बिटच्या दोन्ही कापणाऱ्या धारांचा पुढचा कोन अगदी थोडासा मारायचा, केसभर सपाट पट्टी दिसेल एवढाच, मग तो बिट ओरबाडत जातो, घुसत नाही. हा बिट पण अ‍ॅक्रिलिकसाठीच बाजूला ठेवा. खाली लाकडाची फळी घट्ट क्लँप करा, शीटवरचा कागद काढू नका, तीन-चार मिमी गेलं की बिट वर घ्या, गार होऊ द्या. आधी बारीक भोक मारून त्यातून मोठा बिट घालायची सवय सुताराकडून आपल्याला लागलेली असते, इथे ती सोडा, साधा मोठा बिट त्या बारीक भोकात अडकून हिसका देतो. काम बरोबर चाललंय हे ओळखायची खूण म्हणजे कीस, लांब पांढरी फीत सुटत असेल तर उत्तम, चिकट गोळे येत असतील तर तापतंय.

शीट घेतानाच कास्ट, म्हणजे साच्यात ओतून केलेली, मागा. दुसरी एक्स्ट्रुडेड, म्हणजे यंत्रातून दाबून काढलेली असते, ती थोडी स्वस्त, जाडीला एकसारखी, पण ड्रिलला लवकर वितळते आणि आतला ताण जास्त असतो. तुमचा च्युइंगगम बघता मला तीच वाटतेय. तुटलेल्या टॅपच्या मागे लागू नका, हातोडी-पंच तर अजिबात नको. बॉक्सचा तो एक तुकडा नवीन कापा.

प्रश्न: पेडणे तालुक्यात किनाऱ्याजवळ आमचं छोटं गेस्ट हाऊस आहे. ४ फूट लांब बोर्ड केला, गडद निळा, ८ मिमीचा. मागे लोखंडी फ्रेम, बोर्डालाच आटे पाडून सहा स्क्रू लावले, काउंटरसिंक करून, म्हणजे वर डोकं दिसायला नको. एप्रिलमध्ये दोन कोपरे फुटले, पावसात स्क्रूंचा गंज उतरून बोर्डावर तांबडे ओघळ आले. पुढच्या सीझनला नवीन करायचाय, काय करू?

उत्तर: बोर्डाला आटे पाडूच नका, आटे फ्रेमला पाडा आणि बोर्डाला मोठी भोकं ठेवा.

हिशेब करा. अ‍ॅक्रिलिक उन्हात लोखंडाच्या सुमारे सहापट प्रसरण पावतं, एका मीटरला एका डिग्रीमागे ०.०७ मिमी. तुमचा १२०० मिमीचा बोर्ड सकाळपासून दुपारपर्यंत ३० डिग्री तापला, आणि गडद निळा एप्रिलच्या उन्हात सहज तापतो, तर तो अडीच मिमी लांब होतो. मागची फ्रेम अर्धा मिमीसुद्धा वाढत नाही. मधले दोन मिमी जाणार कुठे? स्क्रूवर, आणि स्क्रूकडून भोकाच्या काठावर. रोज दुपारी एकदा, रोज रात्री उलट. त्यात तुम्ही काउंटरसिंक केलंय, ते डोकं शंकूसारखं असतं, कसताना ते पाचरीसारखंच भोक उघडायला बघतं. माझ्या मते अ‍ॅक्रिलिकमध्ये काउंटरसिंक स्क्रू कुठेच वापरू नये, घरात नाही की बाहेर नाही.

मधल्या एका ठिकाणी भोक बरोबर मापाचं ठेवा म्हणजे बोर्ड तिथे धरून राहील, बाकीची पाचही स्क्रूपेक्षा तीन मिमी मोठी, त्यावर सपाट डोक्याचा स्क्रू, रुंद वॉशर आणि वॉशरखाली सिलिकॉन रबरची चकती. मऊ पीव्हीसीची चकती नको, त्यातलं प्लॅस्टिसायझर (मऊपणा आणणारं रसायन) झिरपून अ‍ॅक्रिलिकमध्ये जातं आणि पुन्हा त्याच रेषा. स्क्रू एवढाच कसायचा की वॉशर बोटाने ढकलला तर जरा सरकला पाहिजे. स्टेनलेस घेताना ३१६ ग्रेड मागून घ्या, साध्या ३०४ ला समुद्राच्या खाऱ्या हवेत थोड्या दिवसांत तांबूस डाग येतात. थोडं महाग पडेल, पण सहाच स्क्रू आहेत. डोकी दिसायला नको असतील तर नेमप्लेटचे स्टेनलेस स्टड मिळतात टोपीवाले, ते छान दिसतात आणि बोर्ड भिंतीपासून सुटा राहिल्याने मागे पाणी पण साचत नाही.

प्रश्न: फोंड्याहून लिहितोय. देव्हाऱ्यातले चांदीचे टाक आणि पंचायतन झाकायला अ‍ॅक्रिलिकचा बॉक्स करतोय, पुढची बाजू काढता यावी म्हणून ५ मिमी शीटच्या जाडीत, म्हणजे कडेत, एम ३ चा टॅप मारतो तर कड दोन भागात चिरते. तीनदा झालं.

उत्तर: काका, चौथ्यांदापण होईल. ५ मिमीच्या कडेत ३ मिमीचा स्क्रू म्हटलं की दोन्ही बाजूला एकेक मिमी उरतं, त्यात आट्याची खाच. कडेत एम ३ मारायचा तर शीट निदान १० मिमी पाहिजे, आणि तेवढा जाड बॉक्स देव्हाऱ्यात जड दिसेल.

सोपं आहे, शीट ५ मिमीचीच ठेवा आणि आतल्या चार कोपऱ्यांत १२ बाय १२ मिमीचे अ‍ॅक्रिलिकचे ठोकळे चिकटवा, आटे त्या ठोकळ्यांत पाडा. क्रम मात्र पाळा. आपल्याकडे बहुतेक जण चिकटवायला क्लोरोफॉर्म वापरतात, त्याची वाफसुद्धा नुकत्या टॅप मारलेल्या भोकाला लागली की ते उकलतं, म्हणून आधी चिकटवायचं, खिडक्या उघड्या ठेवून, पूर्ण दोन दिवस तसंच ठेवायचं आणि मग ड्रिल आणि टॅप. पुढच्या शीटची भोकं साडेतीन मिमी, स्क्रू नायलॉनचे मिळाले तर तेच घ्या, मजबुती तिथे लागतच नाही आणि चुकून जास्त कसला तरी आधी नायलॉन तुटेल, अ‍ॅक्रिलिक वाचेल. समईची आणि उदबत्तीची उष्णता बॉक्सला लागणार नाही एवढं अंतर ठेवा, हे तुम्ही विचारलं नाहीत पण सांगावंसं वाटलं.

प्रश्न: आम्ही साखळीजवळच्या गावातली पोरं, शिगम्याला चित्ररथ करतो. आतून लाइट मारून अ‍ॅक्रिलिकची चाकं आणि पंख फिरवतो. एका गावची मिरवणूक झाली की रात्री सगळं खोलायचं, दुसऱ्या गावात परत जोडायचं. तिसऱ्या-चौथ्या वेळी आटे निघून जातात, स्क्रू नुसता फिरतो. स्क्रू सैल होऊ नये म्हणून लॉक करायचं लिक्विड घातलं तर तडेच गेले.

उत्तर: भावांनो, ते लिक्विड धातूसाठी असतं, अ‍ॅक्रिलिकला ते विषच. बाटलीवर बघाल तर प्लॅस्टिकवर वापरताना जपून असं बहुतेक लिहिलेलं असतं, पण मिरवणुकीच्या घाईत कोण वाचणार, मला कल्पना आहे.

जे वारंवार खोलायचंय आणि वर हलणारं आहे तिथे अ‍ॅक्रिलिकमधल्या आट्यांवर भरवसा ठेवू नका. शक्य तिथे आरपार भोक, बोल्ट, दोन्ही बाजूंना मोठे वॉशर आणि मागून नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला) नट, हे सगळ्यात भक्कम आणि अंधारात पण पटकन जोडता येतं. जिथे मागे हात जात नाही तिथे पितळेचा इन्सर्ट बसवा, बाहेरून खरबरीत आणि आतून आटे असलेला. हा थ्रीडी प्रिंटवाले सोल्डरिंग आयर्नने गरम करून दाबतात, तुम्ही तसं करू नका, अ‍ॅक्रिलिकमध्ये त्याने भोवती प्रचंड ताण बसतो. इन्सर्टच्या बाहेरच्या मापापेक्षा भोक किंचित मोठं मारा, इतकं की इन्सर्ट बोटाने आत जाईल, आणि दोन भागांच्या एपॉक्सीने चिकटवा, मंद सुकणाऱ्या, पाच मिनिटांवाल्याने नाही. इन्सर्टच्या आट्यांना आधी मेणबत्तीचं मेण लावलेला स्क्रू घालून ठेवा म्हणजे एपॉक्सी आत शिरणार नाही. रात्रभर ठेवायचं.

जे आटे आताच गेलेत ते वाचवायचे तर एक माप पुढे जा, एम ४ चं भोक ४.३ ला वाढवून एम ५, पण काठापासून अंतर पुरतंय का आधी बघा. या वर्षाचा वेळ निघून गेला असेल तर पुढच्या शिगम्याच्या आधी एक पंख असा करून घरी दहा वेळा खोलून-जोडून बघा.

प्रश्न: लेझर कटिंगवाल्याकडून शीट कापून घेतो तेव्हा भोकंपण तोच मारून देतो. त्यातच सरळ टॅप मारला तर चालेल का? (म्हापसा)

उत्तर: चालेल असं वाटतं पण नको. लेझरचं भोक वरून खाली किंचित निमुळतं असतं आणि त्याची भिंत वितळून गोठलेली असते, म्हणजे ज्या ताणाबद्दल वर एवढं लिहिलं तो तिथे आयता बसलेला. ड्रॉइंगमध्ये भोक एक मिमी लहान द्या आणि वर सांगितलेल्या, धारेचा कोन बोथट केलेल्या बिटने पाणी घालत हळू मोठं करून घ्या. तो कोन बोथट केलेला नसेल तर बिट अडकेल.

प्रश्न: बॅटरीच्या ड्रिलमध्ये टॅप लावून मारतो, फटाफट होतं. माझे आटे तिरके येतात एवढंच. (मडगाव)

उत्तर: वेग आणि तिरकेपणा एकाच ठिकाणाहून येतायत. टॅप हातानेच फिरवा. सरळ यायला हवा असेल तर एक युक्ती आहे, ड्रिल प्रेसवर (उभ्या ड्रिल मशीनवर) भोक मारून झालं की शीट क्लँपमधून सोडू नका, बिट काढून त्याच चकमध्ये (बिट धरणाऱ्या जबड्यात) टॅप लावा, मशीनचा प्लग भिंतीतून काढा, आणि चक हाताने फिरवत दुसऱ्या हाताने लिव्हर अगदी हलका खाली धरा. तीन-चार फेरे गेले की टॅपला वाट मिळते. मग चक सोडून टॅपला हँडल लावा आणि उरलेलं हाताने, अर्धा पुढे पाव मागे. ड्रिल प्रेस नसेल तर इंचभर जाड सागाच्या ठोकळ्यात टॅपच्या मापाचं सरळ भोक कुणाकडून तरी प्रेसवर मारून आणा, तो ठोकळा शीटवर क्लँप करून त्यातून टॅप घाला. माझ्याकडे असे एम ३ पासून एम ६ पर्यंतचे चार ठोकळे आहेत, वर पेनाने माप लिहिलेलं, आणि ड्रिल प्रेस असूनही मी बऱ्याचदा तेच वापरतो.